तिसरं ताट

१

“आवाज तुहा नाई, त मंग कोनाचा हाय, आई? शेजारनीचा?”

“माह्यासारखा हाय. माहा नाई.”

“सारखा! खोकला बी सारखा? मधे मधे ‘अवं माय’ म्हणाची सवय बी सारखी?”

“हो, खोकला बी सारखा. आता मले वकिलावानी इचारत बसू नको. ती लुगडी बॅगेतून काढ अन् पेटीत ठेव. मी कुठं जात नाई.”

प्रेरणाने बॅगेची चेन जोरात ओढली. ती मधेच अडकली. नागपूरहून सकाळी गाडी घेऊन आलेली ही एकुलती एक लेक दुपारपर्यंत आईशी भांडून घामाघूम झाली होती. बाहेर सेलूचा बाजाररस्ता उन्हाने ओस पडला होता. सुलोचनाबाईने बांगड्यांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं होतं, आणि त्या अर्ध्या अंधारात दोघी मायलेकी एकमेकींकडे न पाहता भांडत होत्या.

“आई, मी साधं बोलते. बँक म्हणते, खरेदी तू केली. फोनवर आवाज तुहा. सामान घरपोच आणून देनारा सचिन म्हणते, मावशीनंच मागच्या दारी घेतलं. आता एक त तू खोटं बोलून राह्यली, नाई त तू विसरून राह्यली. खोटं तू बोलत नाई.”

“म्हणजे माहं डोकं गेलं.”

“असं म्हणलं मी?”

“म्हणाची गरज काय? बॅग भरली न तू.”

प्रेरणाने अडकलेली चेन पुन्हा ओढली. तिचा बेत काही लपून राहिला नव्हता. दुकानाला कुलूप, आई नागपूरला, तिथे डॉक्टर, आणि मग हळूहळू घर कोणाला तरी देऊन टाकायचं. लेकीने मायेपोटीच ठरवलं होतं, हे सुलोचनाबाईला कळत होतं. पण मायेने उपटलेलं झाडही वाळतंच. नवरा सोडून गेल्यावर या दुकानावर तिने लेक शिकवली, लग्न करून दिलं, कोणाच्या दारात उभी राहिली नाही. आणि आता शेवटी ती घराबाहेर पडणार होती ती वेडी ठरून?

२

आपल्या नावावरचं क्रेडिट कार्ड त्यानेच काढलं होतं, याबद्दल सुलोचनाबाईला पहिल्या दिवसापासून शंका नव्हती.

तो म्हणजे बंडूजी, तिचा नवरा. दुसऱ्या बाईच्या नादाने हिंगणीला जाऊन राहिला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. चार माणसांनी बसून घराची वाटणी केली. मधल्या खोलीच्या बरोबर मधोमध तानबा गवंड्याने भिंत चढवली. अलीकडचं दुकान, स्वयंपाकघर हिचं. पलीकडच्या दोन खोल्या त्याच्या, दार मागच्या बोळीत. तो कधी राहायला आला नाही. दाराला कुलूप, कुलपाला गंज. विजेचं मीटरसुद्धा माणसं येऊन काढून घेऊन गेली.

तो गेला त्या दिवशी सुलोचनाबाईने हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवून ठेवल्या. गावभरच्या बायकांच्या हातात ती बांगड्या भरते, स्वतःचं मनगट मात्र मोकळं. आणि त्याचं नाव तर ती कधीच घेत नव्हती. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही सासूची शिकवण. आधी तो मान होता, मग तो राग झाला, आणि आता मान की राग हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं, एवढं ते हाडात मुरलं होतं. रेशनच्या रांगेत कोणी विचारलं तर ती कार्डावर बोट ठेवायची. “हे लिव्हलं हाय न, वाच.”

असं असताना एका दुपारी बँकेचा माणूस दुकानात आला आणि म्हणाला, “मावशी, क्रेडिट कार्डाचे हप्ते थकले तुमचे.”

“कोनतं कारड? मी त बँकेत पासबुकाशिवाय काही ठेवत नाई.”

त्याने मोबाइलवर दाखवलं. तिचं नाव, तिचा आधार, वाटणीच्या कागदावर केलेली तिची सही. फोन नंबर तेवढा त्याचा. सुलोचनाबाईला आश्चर्य वाटलं नाही. जो माणूस संसार अर्ध्यात टाकून जातो तो बायकोचे कागद चोरेल यात नवल ते काय? ठाण्यात जाऊन तिने तक्रार लिहून दिली आणि घरी येऊन घटाघटा पाणी प्यायली. असल्या गोष्टींनी माणूस रडत नाही, नुसता थकतो.

नवल वाटलं ते त्याने घेतलेल्या वस्तूंचं. एक कूलर. पुरुषाच्या चपला. दोघांच्या पलंगाची चादर. स्टीलची तीन ताटं. आणि सगळं सामान पोचवलेलं तिच्याच पत्त्यावर.

चोर चोरी करून माल आपल्याच घरी का धाडेल?

त्याच दुपारी गावची लाईन गेली. तिचा कूलर घरघर करत थांबला. गल्लीतले सगळे कूलर एकामागून एक थांबले, आणि दुपार अशी सुन्न झाली की शेजारच्या घरातल्या पोराचं झोपेतलं कण्हणं ऐकू यावं. त्या शांततेत एक कूलर चालूच होता. भिंतीपलीकडे.

इन्व्हर्टर असेल कोणाचा तरी, ती मनाशी म्हणाली. आवाज भिंतीतून फिरून येत असेल. पण भिंतीला हात लावला तर विटा गार होत्या, आणि ओल्या वाळ्याचा वास येत होता.

ती वळसा घालून मागच्या बोळीत गेली. कुलूप होतं तिथेच होतं. त्यावर कोळ्याचं जाळं होतं. ते तिने बोटाने काढलंसुद्धा नाही. नुसती उन्हात उभी राहिली आणि परत आली.

३

वर्ध्याच्या शाखेत प्रेरणाही सोबत होती. अंकिता नावाची तरुण अधिकारी मुलगी भली होती. तिने खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि म्हणाली, “मावशी, मोठ्या खरेदीच्या आधी आमच्याकडून फोन जातो. त्याचं रेकॉर्डिंग मागवलंय मी. तुम्हीच ऐका.”

आधी बँकेच्या मुलीचा आवाज आला, शिकवलेला, गोड. मग खोकला.

सुलोचनाबाईने आपला खोकला आयुष्यात कधी बाहेरून ऐकला नव्हता. तरी तिने तो ओळखला.

“हां, बोला न ताई. अवं माय, हो, मीच घेऊन राह्यली सामान.”

“खात्रीसाठी तुमच्या यजमानांचं पूर्ण नाव सांगाल का?”

“सांगते न. बंडूजी.” मग एक हसू. लाजरं, नव्या नवरीसारखं. “बंडूजी, बंडूजी. घरीच हायत आता. जेवाले बसले.” त्यामागे किणकिण वाजलं. हातभर बांगड्या असलेली बाई वाढताना वाजतं तसं. “अन् ताटं तीन पाह्यजेत, बरं का. लेक येऊन राह्यली आमची.”

अंकिताने ते बंद केलं. “मावशी, आवाज तुमचाच आहे ना?”

सुलोचनाबाईने आपले मोकळे हात टेबलावर ठेवले. डाव्या मनगटाचं हाड विहिरीच्या पायरीवरून पडल्यापासून वर आलेलं होतं, तिथे ती अंगठा फिरवत राहिली.

“तिनं नाव घेतलं,” ती म्हणाली.

“ते तर घ्यावंच लागतं मावशी. त्याशिवाय पुढं जात नाही.”

“मी घेत नाई. अन् तिच्या हातात बांगड्या हायत.”

“आई, तुहं दुकानच बांगड्यांचं हाय,” प्रेरणा हळूच म्हणाली. मग सेलूला घराशी गाडीतून उतरताना ती म्हणाली, “लेक येऊन राह्यली, असं काऊन म्हणली असन ती?”

“तू कुठं येनार होती तवा?”

“तेच त.”

४

तोंडावर विचारून टाकावं म्हणून सुलोचनाबाई एकटीच हिंगणीला गेली. बसमधून उतरल्यावर बोर धरणाच्या बाजूची झाडी उन्हात करपलेली दिसत होती. माणसाच्या तोंडावर थुंकायला एवढं चालून यावं लागतं, याचाच तिला जास्त कंटाळा आला होता. रागाला जोर लागतो, आणि जोर आता उरला नव्हता.

ज्या बाईच्या नादाने तो गेला होता ती केव्हाच वारली होती. त्यानंतर तो तानाबाईच्या घरी एका खोलीत भाड्याने राहायचा. तानाबाई अंगणात वाळवण राखत बसली होती. हिला पाहिलं आणि ती हसून उठली.

“या न वहिनी. काही राह्यलं का न्याचं?”

“काय न्याचं?”

“भाऊजीचं सामान. त्या दिवशी त घाईत गेल्या तुम्ही.”

सुलोचनाबाईने पदर तोंडाला लावला. “मी आलती?”

“अवं, थट्टा करता का? हिरवाकंच चुडा घालून आलत्या. मी म्हणलं बी, एवढ्या वर्सांनी वहिनी आली, कशी नवरीवानी नटून आली! भाऊजी आधी नाई म्हणत होते. दाराची चौकट धरून उभे होते, लेकरावानी. तुम्ही नाव घेऊन हाक मारली अन् मंग आले गुमान.” तानाबाईचा हात वाळवणावरच थांबला. तिचं हसू जरासं ओसरलं. “घरी पोचले न बरोबर?”

“पोचले,” सुलोचनाबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

येताना बसमध्ये तिने स्वतःच्या डोक्याची झडती घेतली. खरंच आपण आलो होतो का? बाई म्हातारी होते, एकटी राहते, मनात साठवलेलं कधी तरी पायांना वाट दाखवतं. असं होतं म्हणतात. तिने आठवून पाहिलं. ते अंगण, ते वाळवण, ती चौकट, काहीच ओळखीचं नव्हतं. पण विसरलेल्या माणसालाही हे असंच वाटणार की नाही?

ही गोष्ट तिने प्रेरणाला फोनवर सांगितली, तिथे चुकलं. दुसऱ्याच दिवशी प्रेरणा बॅग घेऊन दारात उभी राहिली.

५

भांडता भांडता दोघी दमल्या. प्रेरणा उरलेली लुगडी घड्या करायला आत स्वयंपाकघरात गेली. सुलोचनाबाई मधल्या खोलीत भिंतीशी बसली.

लाईन गेली. कूलर थांबले. एक चालू राहिला.

आता त्याचा आवाज सवयीचा झाला होता, हेच वाईट. त्यामागे भांड्याचा आवाज आला. मग किणकिण.

भिंत चढवताना तानबाने एक जुनी सागवानी चौकट तीत उभी बसवून मधे विटा भरल्या होत्या. लाकूड वाळून आकसलं होतं आणि चौकट व विटा यांच्यामध्ये बोटाच्या नखाएवढी फट पडली होती. त्या फटीवर तिने वर्षानुवर्षं बांगड्यांची दांडी टांगलेली. ती तिने उचलून खाली ठेवली, एकही बांगडी वाजू न देता. फटीतून उजेडाची रेघ तिच्या लुगड्यावर पडली. कुलूपबंद, बिनखिडकीच्या खोलीतून उजेड.

तिने डोळा लावला. गार, ओला वारा बुबुळावर आला.

पुसलेली फरशी. पलंगावर नवी चादर, एकही चुणी नसलेली. दाराशी पुरुषाच्या चपला, तळव्यांना मातीचा कण नाही. खाली पाटावर एक माणूस जेवायला बसला होता, इकडे पाठ करून. ती मान तिने ओळखली. डाव्या कानामागे म्हशीने शिंग मारल्याची खूण होती.

तो जेवत नव्हता. त्याचा उजवा हात ताटात होता, तसाच. ताटातला भात वाळून पिवळा पडला होता. त्यावर कालचा भात होता, त्यावर आजचा. बाजूने एक हात आला आणि त्यावर आणखी वाढलं. हिरव्या बांगड्यांनी कोपरापर्यंत भरलेला हात. मनगटाचं हाड वर आलेलं.

दुसरं ताट त्या हाताच्या बाईचं असावं. ती बाई फटीतून दिसत नव्हती. सुलोचनाबाईला ती दिसायला नको होती.

तिसरं ताट दाराकडे तोंड करून मांडलं होतं. त्यात पातोडीची भाजी, गरम, वर तर्री. प्रेरणाला पातोडी किती आवडते, ते एका आईशिवाय कोणाला ठाऊक असणार? ताटामागे पाट होता. तो रिकामा होता. हिरव्या बांगड्यांचा हात पुढे झाला आणि त्या पाटावरून प्रेमाने फिरला, धूळ झटकावी तसा. बस आता, येईलच, असं म्हणावं तसा.

६

“आई.”

सुलोचनाबाई वळली तेव्हा प्रेरणा मागे उभी होती. तिचे डोळे ओले होते, आणि हातात घडी केलेलं लुगडं होतं. तिचं लक्ष फटीकडे नव्हतं.

“आई, माहं चुकलं. मी आत बसून आठवत होती. माह्या लग्नात सारा मांडव अडून बसला होता, उखाणा घे म्हणून. तू उठून गेली पण नाव घेतलं नाई. आजी गेली तवा दाखल्यासाठी साहेबानं बाबांचं नाव तीनदा इचारलं, तू कागदावर बोट दाखवलं. तू मले विसरशील, सोताले विसरशील, पण तो हट्ट नाई विसरनार.” तिने नाक पुसलं. “फोनवरची बाई तू नाई. बाबांनी कोनाले तरी आणून ठेवलं हाय अन् तुह्या नावानं हे सारं चालू हाय. तू म्हणत होती न, कूलर वाजते? मले बी आयकू येऊन राह्यला आता. लाईन त गेली हाय.”

“तुहे कान वाजत असन.”

“काय?”

“उन्हात गाडी चालवली तू. पानी पी.”

“आई, आता मी म्हणून राह्यली की तुहं खरं हाय, त तूच मांगं फिरते? चाल. मांगच्या दारानं जाऊ. कुलूप तोडून पाहू कोन हाय ते.”

“नाई.”

“काऊन नाई?”

“नाई म्हणलं न.”

पण लेक कोणाची! प्रेरणाने स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता उचलला आणि ती बोळीत गेलीसुद्धा. सुलोचनाबाई तिच्यामागे निघाली. पाय पुढे पडत होते, पण चिखलातून काढावे तसे. आयुष्यभर हिने मागितलं काय, तर कोणीतरी एकदा म्हणावं, बाई, तुझं खरं आहे. आज ते लेकीच्या तोंडून मिळालं होतं. घर राहिलं असतं, दुकान राहिलं असतं, डोकं शाबूत ठरलं असतं. फक्त एक दार उघडलं की झालं.

बोळीत ऊन पांढरंफटक पडलं होतं. प्रेरणा दाराशी पोचली होती.

“हे पाय आई! कुलूप लागलंच नाई. नुसतं अडकवलं हाय. तेल बी घातलं हाय त्याले.” तिने बत्ता खाली ठेवला आणि कुलपावर हात ठेवला. मग नाक वर करून वास घेतला. “आई, पातोडीचा वास येऊन राह्यला.”

“हात काढ.”

“अवं, पण कोन हाय ते त पाहू दे! आज नाई पाह्यलं त जलमभर म्हणशील, मी वेडी नव्हती, मी वेडी नव्हती. मी कोनाले सांगू मंग?”

“हात काढ, प्रेरणा.”

“नाई काढत. तू नाई म्हणत होती त मी आयकलं नाई, आता मी हो म्हणते त तू आयकत नाई. कारण सांग. एक कारण सांग.”

दारापलीकडे किणकिण चालू होती ती थांबली. कूलरही थांबला. दाराच्या अगदी आतल्या बाजूला, लाकडाला लागून, कोणीतरी श्वास रोखून ऐकत उभं होतं. प्रेरणाला ते कळलं नाही. कुलूप कडीतून अर्धं निघालं होतं.

कारण एकच होतं जे या पोरीला पटलं असतं, आणि ते तिनेच आत्ता स्वयंपाकघरात बसून शोधून काढलं होतं: नाव घेते ती फोनवरची बाई. सुलोचनाबाईने भिंतीचा आधार घेतला. सासूच्या काळापासून दातांच्या आड धरून ठेवलेली ती गोष्ट जिभेवर आली तेव्हा तिची चव गंजासारखी होती. ती मोठ्याने बोलली, लेकीला ऐकू जाईल असं, आणि आत उभी होती तिलाही ऐकू जाईल असं.

“उघडू नको, पोरी, बंडूजीसाठी मीच घेतलं हे सारं, माहं डोकं गेलं हाय, चाल, मले तुह्या घरी घेऊन चाल.”